सारथ्याचें वजन

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें महाशिवरात्रीच्या यात्रेनिमित्त देवाचा रथ निघतो. त्या रथाला घाई नसते. तो जितका भारदस्त तितकी त्याची शोभा अधिक, आणि त्याला ओढणारे हातहि तितकेच अधिक. मराठवाडा-वऱ्हाडाच्या याच मुलखांत शंकरपटाचा शौकहि जुना आहे. पण तेथें न्याय उलटा. छकडा शक्य तितका हलका हवा आणि त्यावरचा धुरकरी अंगानें सडसडीत हवा. मिरवणुकींत वजन हें वैभव, शर्यतींत तोच शत्रु. ‘फॉर्म्युला वन’ या नांवानें जगांत गाजणाऱ्या मोटारींच्या शर्यतींत हाच न्याय ग्रॅमच्या हिशेबानें चालतो. मात्र तेथें एक प्रश्न उभा राहिला. यंत्र हलकें करतां करतां माणसालाहि हलकें करीत जावें काय?

वजनाचें नुकसान तीन ठिकाणीं होतें. वेग घेतांना तें इंजिनाला मागें ओढतें, ब्रेक लावतांना तें मोटारीला पुढें ढकलतें, आणि वळणावर तें तिला रस्त्याबाहेर फेकूं पाहतें. शर्यतीचा मार्ग म्हणजे वळणांचीच मालिका. म्हणून हें नुकसान प्रत्येक फेरींत पुनःपुन्हा भरावें लागतें. मोटारींत दहा किलो अधिक असले तर एका फेरीला सुमारें तीन दशांश सेकंद अधिक लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. तीन दशांश सेकंद म्हणजे पापणी लवण्याचा अवधि. परंतु दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षीं ही शर्यत झाली तेव्हां तिच्या फेऱ्या ६० होत्या. साठ वेळां पापणी लवली म्हणजे अठरा सेकंद झाले. आणि अठरा सेकंदांत पहिला येणारा कित्येकदां पांचवा होतो.

म्हणून अभियंते मोटारीच्या अंगावरचा रंगहि खरवडून काढतात आणि कार्बन-तंतूंचा काळा सांगाडा उघडा ठेवतात. यावर कोणी विचारील कीं, मोटारीच्या किमान वजनाची मर्यादा नियमांतच घातलेली असतां ही काटकसर कशासाठीं? २०२५ सालीं ही मर्यादा सारथ्यासह, पण इंधन वगळून, ८०० किलो होती. याचें उत्तर होडीच्या उदाहरणानें समजतें. नावाडी होडीच्या तळाशीं दगड ठेवतो, त्यामुळें ती डळमळत नाहीं. तेंच वजन डोलकाठीच्या टोकाला बांधलें तर होडी उलटेल. वाचविलेले किलो टंगस्टनसारख्या जड धातूच्या रूपानें मोटारीच्या अगदीं तळाशीं, हव्या त्या जागीं बसवितां येतात. अर्थात् प्रश्न वजनाचा तसाच त्याच्या जागेचाहि असतो.

येथेंच सारथ्याचें शरीर अडचणीचें ठरूं लागलें. २०१८ पर्यंत सारथ्याचें वजन मोटारीच्या एकूण वजनांतच धरलें जाई. उंच व हाडापेरानें मोठा सारथी असला कीं तितका धातु कमी बसे. २०१४ सालीं विजेची जोड असलेलीं नवीं इंजिनें आलीं. तीं जड होतीं. किमान वजनाची मर्यादा सुमारें पन्नास किलोंनीं वाढविली, तरी ती अपुरी पडली. आणि उरलेली कपात माणसांच्या ताटांतून होऊं लागली. भारताच्या ‘फोर्स इंडिया’ संघांतून पूर्वी धांवलेला अड्रियन सुटिल हा उंच जर्मन सारथी त्या वर्षीं वजन वाचविण्यासाठीं पिण्याच्या पाण्याची बाटलीहि न घेतां शर्यतींत उतरला. ज्याँ-एरिक व्हेर्न या फ्रेंच सारथ्याला कडक उपासामुळें रुग्णालयांत दाखल व्हावें लागलें.

आतां या काटकसरीचा जमाखर्च मांडून पाहावा. अग्निरोधक पोषाख, इंजिनाची धग आणि अंगाबरोबर बेतलेली बैठक यांमुळें उष्ण देशांतील शर्यतींत सारथ्याच्या अंगांतून दोन-तीन किलो घाम जातो. वळणावर व ब्रेक लावतांना त्याच्या मानेवर गुरुत्वाच्या चार-पांचपट ताण येतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलें म्हणजे माणसाचें अवधान मंदावूं लागतें. सत्तर किलोच्या माणसाला ही मर्यादा दीड किलोच्या आंतच गांठते. एक किलो पाणी सोडून दिल्यानें फेरीमागें सेकंदाचे फार तर तीन शतांश मिळतात. पण ताशीं ३०० किलोमीटर वेगानें मोटार एका सेकंदांत ८३ मीटर जाते. ब्रेक लावण्याचा निर्णय एक दशांश सेकंद जरी उशिरां झाला, तरी आठ मीटर हातचे गेले. आणि त्या आठ मीटरांत वळण असतें, कधीं भिंतहि असते.

यावरचा उपाय घोड्यांच्या शर्यतींना फार पूर्वीच सांपडला होता. मुंबईच्या महालक्ष्मीवर जॉकीला खोगिरासह शर्यतीपूर्वीं व शर्यतीनंतर तराजूवर उभें राहावें लागतें, आणि ठरलेल्या वजनांत उणें पडेल तितकें शिसें खोगिरांत घालावें लागतें. जॉकींचे उपास त्यानें सर्वस्वी थांबले नाहींत. पण नेमून दिलेल्या वजनाच्या खालीं आणखी हलकें होण्यांत लाभ उरला नाहीं. मोटारींच्या शर्यतींत हा न्याय २०१९ सालीं आला. सारथी, त्याचें आसन व पोषाख मिळून ८० किलो भरलेच पाहिजेत, कमी पडेल तें वजन आसनाजवळच बसवावें, असा नियम झाला. २०२५ सालीं हा आंकडा ८२ करण्यांत आला. ५५ किलोचा सारथी आतां आपल्या लहान शरीराचा धातु हव्या त्या जागीं नेऊं शकत नाहीं, आणि ७५ किलोच्या सारथ्याला ताट परत सारण्याचें कारण नाहीं.

ऑक्टोबर २०२३ मध्यें कतार येथील शर्यतींत उकाड्यानें सारथी बेजार झाले. लोगन सार्जंट या अमेरिकन सारथ्याला शर्यत अर्धवट सोडावी लागली. त्यानंतर २०२५ पासून असें ठरलें कीं, तपमान ३१ अंशांवर जाण्याचा अंदाज असेल तेव्हां मोटारींत सारथ्याला थंडावा देणारें यंत्र बसवावें आणि त्यासाठीं किमान वजनांत पांच किलोंची वाढ करावी. त्याच वर्षीं सिंगापूरला हा नियम प्रथम अमलांत आला. जेथें ग्रॅमग्रॅम खरवडला जातो तेथें माणसाच्या जिवासाठीं पांच किलो मोकळ्या हातानें दिले गेले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

२००५ सालीं नारायण कार्तिकेयन हा पहिला भारतीय सारथी या शर्यतींत उतरला. मुंबईच्या जेहान दारूवाला यानें २०२० सालीं त्याखालच्या ‘फॉर्म्युला टू’ वर्गांत शर्यत जिंकली. त्यांच्या वाटेनें जाऊं पाहणारीं मुलें आज लहान ‘कार्ट’ गाड्या हांकीत आहेत. त्या शर्यतींतहि गाडी व मूल मिळून किमान वजन ठरलेलें असतें. तेव्हां अशा मुलाच्या घरीं उपासाची शिस्त नको. मान बळकट करणारा व्यायाम, वेळेवर जेवण, पुरेसें पाणी आणि भरपूर झोंप, एवढी सामग्री हवी. हलकें करावयाचें तें यंत्र करावें. यंत्राला भूक लागत नाहीं.