हाली चौदाशे

हिशेबात दोनशे रुपयांचा फरक आला की बँकेतल्या माणसाला जेवण गोड लागत नाही. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, आता कादंबऱ्या लिहितो, तरी ही खोड गेलेली नाही. पण आज ज्या दोनशे रुपयांची गोष्ट सांगतो आहे, ते आमच्या उमरखेडच्या घरात पन्नासहून अधिक वर्षे मुक्कामाला होते.

सुरुवात झाली कॉम्प्युटरवरून. मुलगा कुवेतला असतो. घरच्या हिशेबाचे एक सॉफ्टवेअर त्याने मला लावून दिले. त्यातली चलनांची यादी जुनी होती. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला आपला कुना सोडून युरो घेतला, तरी आमच्या यादीत कुना चालूच. कुवेती दिनाराचे हजार फिल्स होतात, म्हणजे दशांशचिन्हापुढे तीन अंक हवेत, तिथे दोनच. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, हाताने कशाला करताय? एआयला सांगा." सांगितले. चलनांना तीन अक्षरी खुणा देणारी आयएसओ ४२१७ नावाची जागतिक यादी १९७८ पासून आहे. तिच्याप्रमाणे त्या यंत्राने मिनिटाभरात नोंदी दुरुस्त केल्या. मी दोन-चार तपासून पाहिल्या, बरोबर होत्या.

मग हाव सुटली. नव्या कादंबरीसाठी आजोबांची खातेवही काढली होती. १९४५ साली त्यांनी पैनगंगेपलीकडची, हदगावकडची सामाईक जमीन विकली. वहीत जमा १२००, त्यातले ६०० धाकट्या भावाला दिलेले. पण १९७२ च्या दुष्काळात त्या घरी खरेदीखताची मराठी नक्कल सापडली आणि तिच्यात आकडा निघाला १४००! चुलतकाका चारचौघांत बोलून गेले, "दोनशे खाल्ले." आजोबा तेव्हा हयात नव्हते. वडील एवढेच म्हणत, "आबांनी पै खाल्ली नाही." पुरावा कुठला? नक्कल त्यांच्या घरात, वही आमच्या घरात. दोन्ही कागद कधी एका जागी आलेच नाहीत. तेव्हापासून दोन्ही घरची माणसे एकमेकांच्या लग्नाला यायची, अक्षता टाकायची आणि न जेवता परत जायची.

काका गेले. गेल्या वर्षी पुतण्याने नकलेचा फोटो मोबाइलवर पाठवला. मी वही आणि नक्कल दोन्ही यंत्रापुढे ठेवली. नकलेत शब्द होते, "रुपये हाली चौदाशे". यंत्राने लिहिले, हाली म्हणजे सध्याचे, तेव्हा हे भारतीय रुपये; दोनशेचा फरक दिसतो, तपासा. यंत्राला हसू नका. कागदोपत्री "हाली मुक्काम उमरखेड" वाचण्यात माझी नोकरी गेली. मीही तसेच वाचले होते. काकांनीही तसेच वाचले असणार. नदीपलीकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते. पण भाऊबंदकीचे कागद कुणी बाहेर दाखवत नाही.

बँकेत फरक आला की आम्ही आधी त्याला नवाने भागायचो. भाग गेला तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव. मग फरक निम्मा करायचा. तेवढ्या रकमेची नोंद सापडली तर ती बहुधा नावेऐवजी जमेला पडलेली. इथे नवाचा भाग जात नव्हता आणि शंभराची नोंदही नव्हती. मग ध्यानात आले, दोनशे म्हणजे चौदाशेचा नेमका सातवा हिस्सा! आणि वहीत बाराशेपुढे आजोबांच्या हातचा एक शब्द होता, "कलदार".

कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात गेले, म्हणून उमरखेडला कलदार. पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य. तिथे चारमिनारची छाप असलेला हाली सिक्का. सरकारी दर शंभर कलदारला हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सात हालीचे सहा कलदार. चौदाशे हाली, बाराशे कलदार. पैचाही फरक नाही. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५९ मध्ये हाली रुपया कायमचा बाद झाला. १९७८ च्या यादीत तो सापडणार कुठून?

मी माझ्या हाताने नवी नोंद घातली: हाली, सातास सहा. फरक शून्य झाला. पस्तीस वर्षे लोकांच्या खात्यांचा मेळ घातला, पण घरचे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याचे मला सुचले नाही, याची लाज वाटली. वाचकहो, तुमच्या घरीही जुनी चोपडी असेल. आकडा वाचण्याआधी तो कोणत्या गावचा, कोणत्या सालचा आणि कोणत्या रुपयाचा, ते आधी वाचा.

रविवारी वही काखेत घेऊन चुलतभावाकडे गेलो. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, चौदाशेला सातने भागले, सहाने गुणले. पुन्हा एकदा केले. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

"आमच्या बाबांना हे कळायला पाहिजे होतं रे," ते म्हणाले.

"माझ्याही," मी म्हणालो.

आतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, आता जेवूनच जा."