ब्युनोस आयर्स : पायी फिरावं असं महानगर

पाठीवर सॅक टाकून दक्षिण अमेरिकेत हिंडणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं असतं, की अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स पायीच पाहा. शहर सपाट आहे, चढाची दमछाक नाही. दिवाळीच्या सुमारास तिथे वसंत असतो आणि नोव्हेंबरात जाकारांदाची जांभळी फुलं रस्तोरस्ती सडा घालतात.

वाट चुकायची भीतीही फारशी नाही. १५८० मध्ये हुआन दे गाराय या स्पॅनिश सरदाराने ला प्लाता नदीकाठी काटकोनात रस्ते आखले. मध्यवस्तीत ती आखणी अजून टिकून आहे. लोक अंतर सांगतात ते ‘कुआद्रा’त, म्हणजे एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत, साधारण शंभर-सव्वाशे मीटर. दर कुआद्राला घरांचे क्रमांक शंभराने वाढतात. ९०० क्रमांकापाशी उभे असाल आणि १५०० गाठायचा असेल, तर सहा कुआद्रा चालायचं. कोपऱ्यावरच्या इमारतींचे कोन तिरके छाटलेले असतात, त्यामुळे आडव्या रस्त्यावरची वाहनं आधीच दिसतात.

सुरुवात दक्षिणेकडच्या सान तेल्मोपासून करावी. दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते आणि उंच दारांचे जुने वाडे ही इथली ओळख. एके काळी ही श्रीमंतांची वस्ती होती. १८७१ मध्ये पीतज्वराची साथ आली आणि जेमतेम पावणेदोन लाखांच्या शहरात हजारो माणसं दगावली. धनिकांनी उत्तरेकडे बिऱ्हाडं हलवली. रिकाम्या वाड्यांत युरोपातून आलेली गरीब कुटुंबं खोलीखोलीने राहू लागली. अशा चाळवजा घरांना ‘कोन्व्हेंतीय्यो’ म्हणतात. आता दर रविवारी देफेन्सा रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो.

आणखी दक्षिणेला बंदरावरची ला बोका ही वस्ती आहे. जेनोआहून आलेल्या कामगारांनी पत्र्याची घरं जहाजांच्या उरलेल्या रंगांनी रंगवली, असं सांगतात. चित्रकार बेनितो किन्केला मार्तिन यांच्या पुढाकाराने कामिनितो ही गल्ली रंगांनी सजली. इथे मात्र गजबजलेल्या गल्ल्यांपलीकडे एकट्याने जाऊ नये आणि मोबाइल खिशात ठेवावा.

उत्तरेला वळलं की सुबत्तेचं शहर सुरू होतं. १८९४ मध्ये खुल्या झालेल्या आवेनिदा दे मायोवर १८५८ सालचं कॅफे तोर्तोनी आहे. पलीकडे १९२३ मधली बारोलो इमारत, दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’वरून रचलेली. याच रस्त्याखालून १९१३ मध्ये दक्षिण गोलार्धातली पहिली भुयारी रेल्वे धावली. पाय थकले तर तिचा आसरा घ्यावा. पुढे रेकोलेताच्या दफनभूमीत एव्हा पेरोन यांची समाधी आहे आणि जवळच एका जुन्या नाट्यगृहात थाटलेलं एल आतेनेओ हे पुस्तकांचं दुकान.

चालताना पायांखालीही लक्ष असू द्यावं. पदपथात मध्येच रंगीत फरशा बसवलेल्या दिसतात. त्यांवर नाव असतं आणि ती व्यक्ती कधी उचलून नेली त्याची तारीख. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत हजारो माणसं ‘बेपत्ता’ केली गेली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. शेजारपाजाऱ्यांनी आणि सोबत्यांनी त्यांची आठवण त्यांच्याच रस्त्यांवर जागती ठेवली आहे.

म्हणून पायपिटीचा शेवट अध्यक्षांच्या गुलाबी प्रासादासमोर, प्लाझा दे मायो या चौकात करावा. ३० एप्रिल १९७७ रोजी काही आया बेपत्ता मुलांचा जाब विचारायला इथे जमल्या. जमावाने थांबायला बंदी होती. पोलिसांनी ‘चालत राहा’ असं दरडावलं. मग त्या हातात हात घालून चालू लागल्या. पुढे मुलांच्या लंगोटांची पांढरी वस्त्रं डोक्याला बांधून त्यांनी चौकातल्या स्तंभाभोवती फेऱ्या सुरू ठेवल्या. त्यांच्यातल्या काही जणींनाच बेपत्ता करण्यात आलं, तरी फेरी थांबली नाही.

आजही दर गुरुवारी दुपारी साडेतीनला ती निघते. हुकूम झुगारून नव्हे, हुकमाचा शब्द पाळून या बायकांनी सत्तेला हलवलं. ब्युनोस आयर्सचा बेत आखताना गुरुवार मोकळा ठेवा आणि त्यांच्या मागे एक फेरी जरूर चाला.