हरवलेली ओळ शोधणारा ‘ग्रेप’

संगणकात शेकडो फाइली साठलेल्या असतात. हवे ते नाव त्यांपैकी एखादीत नक्की आहे. पण कोणत्या, ते आठवत नाही. मग एकेक फाइल उघडून पाहणे म्हणजे एका कागदासाठी सारी कपाटे उपसणेच. युनिक्स आणि लिनक्स प्रणालींत हे काम ‘ग्रेप’ ही छोटी आज्ञा करते. ‘ग्रेप’, त्यापुढे हवा तो मजकूर आणि शेवटी फाइलचे नाव टंकित केले, की तो मजकूर असलेल्या ओळी तेवढ्या पडद्यावर उमटतात. ‘आर’ हा पर्याय जोडल्यास उपफोल्डरांसह सारे फोल्डर धुंडाळले जाते. शोध मात्र साध्या मजकुराच्या फाइलींतच घ्यावा. वर्ड किंवा पीडीएफ फाइलींपुढे ग्रेपचे सहसा काही चालत नाही.

ग्रेपचा जन्म १९७३च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. ब्रायन कर्निघन यांनी त्याची हकिकत सांगितली आहे. तेथील ली मॅकमहोन यांना अठराव्या शतकातील ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या ८५ लेखांचा अभ्यास करायचा होता. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी ते एकाच टोपणनावाने लिहिले होते. कोणता लेख कोणाचा, हे शब्दांच्या वापरावरून ताडायचे होते. परंतु ‘एड’ या तत्कालीन संपादन-प्रोग्राममध्ये एवढा मजकूर मावेना. तेव्हा केन थॉम्प्सन यांनी एडमधील शोधाची यंत्रणा बाहेर काढून तिचा स्वतंत्र प्रोग्राम केला. सारी फाइल स्मृतीत न घेता एकेक ओळ वाचायची, जुळली तर छापायची, नाही तर पुढे जायचे. एडमधील ‘जी/आरई/पी’ या आज्ञेवरूनच त्याला नाव मिळाले.

ग्रेपला नेमका शब्दच द्यावा लागतो असे नाही. शब्दाचा साचाही चालतो. साच्यातील टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. मराठीत येथे गंमत होते. ‘क.ळ’ या साच्यात ‘कमळ’ सापडते, तसेच ‘काळ’ आणि ‘केळ’सुद्धा, कारण युनिकोडमध्ये काना आणि मात्रा ही स्वतंत्र चिन्हे आहेत.

याच व्यवस्थेतून एक फसगत संभवते. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ग्रेपला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. गावांच्या वा आडनावांच्या यादीत निम्मी नावे एका पद्धतीने आणि निम्मी दुसऱ्या पद्धतीने टंकित झाली असतील, तर शोधात निम्मीच हाती लागतात आणि उरलेली गळाल्याचा पत्ताही लागत नाही. अशा वेळी ‘व.*हाड’ असा सैल साचा द्यावा. टिंबापुढील तारका ‘मध्ये कितीही चिन्हे चालतील’ असे सांगते. चार ओळी जास्त येतील. पण वऱ्हाड सुटणार नाही.