विश्लेषण : लिनक्स कर्नलमध्ये ड्रायव्हरच्या फाइल हलवणे जोखमीचे का?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तर ड्रायव्हर हा गाभा आणि हार्डवेअर यांच्यातील दुभाषा. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या सोर्स कोडमध्येच असतात. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीत इथरनेट ड्रायव्हरच्या फोल्डरांची फेरमांडणी झाली. वरवर ही नुसती आवराआवर. पण त्यात सर्व्हरचे नेटवर्कच बंद पडण्याचा धोका होता.

जुनी अडचण काय होती?

‘ड्रायव्हर्स/नेट’ या फोल्डरमध्ये शेकडो फाइल साचल्या होत्या. इथरनेटच्या शेजारीच डायल-अपसाठी लागणाऱ्या पीपीपीचा कोड होता. कर्नल तयार करताना दिसणाऱ्या मेनूत कार्डांची विभागणी वेगानुसार होती : १० किंवा १०० मेगाबिट, १००० मेगाबिट आणि १०,००० मेगाबिट. त्यामुळे एकाच कंपनीची कार्डे तीन ठिकाणी शोधावी लागत.

नेमके काय बदलले?

इंटेलचे अभियंता जेफ कर्शर यांनी ‘ड्रायव्हर्स/नेट/इथरनेट’ या फोल्डरात इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम अशी कंपनीनिहाय मांडणी केली. मात्र ८३९० ही चिप अनेक कंपन्यांच्या कार्डांत असल्याने आणि त्यांचा काही कोड सामाईक असल्याने तिला स्वतंत्र फोल्डर मिळाले.

कोड तोच, मग धोका कुठे?

मेनूत प्रत्येक कंपनीसाठी नवा प्रश्न आला. त्याचे उत्तर आपोआप ‘नाही’ झाले असते, तर जुन्या कॉन्फिगरेशनवरून तयार केलेल्या कर्नलमधून त्या कंपनीचे ड्रायव्हर गळाले असते. दूरच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर मग सुरू होऊनही नेटवर्कवर आला नसता. म्हणून या प्रश्नांचे मूळ उत्तर ‘होय’ ठेवले गेले. या ‘होय’मुळे कोणताही ड्रायव्हर आपोआप जोडला जात नाही, फक्त त्या कंपनीचे पर्याय मेनूत दिसतात. मॉड्यूलची नावेही बदलली नाहीत, त्यामुळे नावाने ड्रायव्हर शोधणारी ‘मॉडप्रोब’ ही आज्ञा पूर्ववत चालली. ज्या स्क्रिप्टमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता, त्या मात्र बदलाव्या लागणार होत्या.

जुन्या नोंदींचे काय?

फाइल हलवल्याची वेगळी नोंद ‘गिट’ ठेवत नाही; मजकुराच्या साम्यावरून अंदाज बांधते. फाइल हलवतानाच कोडही बराच बदलला, तर हा अंदाज चुकू शकतो. म्हणून आधी फक्त स्थलांतर आणि दुरुस्त्या नंतर, ही शिस्त पाळावी लागते. शिवाय ३.० ही दीर्घकाळ सांभाळली गेलेली आवृत्ती जुन्याच रचनेची होती. नव्या कर्नलमधली दुरुस्ती तिथे नेताना पत्ता जुळवून घ्यावा लागे. कोणता कोड कोणाच्या जबाबदारीत आहे हे सांगणाऱ्या ‘मेंटेनर्स’ फाइलमधले पत्तेही बदलावे लागतात. ते राहिले, तर दुरुस्तीचा प्रस्ताव योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचतच नाही.

थोडक्यात, फाइल हलवायला एक आज्ञा पुरते. खरे काम असते ते जुन्या पत्त्यावर विसंबलेल्या प्रत्येकाला शोधण्याचे.