एक कोसंबी, अनेक हिशेब

‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या ब्रिटिश नियतकालिकात 1944 साली एक अवघा चार पानांचा लेख छापून आला. लेखक होते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. आज तांदूळ, गहू किंवा मका यांच्या गुणसूत्रांचा नकाशा काढणारा संशोधक ‘कोसंबी फलन’ वापरतो आणि संदर्भसूचीत त्या चार पानांची नोंद करतो. 1907 साली गोव्यातल्या कोसबेन गावी जन्मलेल्या या माणसाने इतिहासाचे मोठमोठे ग्रंथ लिहिले, याची अशा संशोधकांतल्या अनेकांना कल्पनाही नसेल.

फलनाचे काम असे. दोन जनुके किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात, हे प्रयोगातून मोजता येते. पण त्यावरून त्यांच्यातले अंतर थेट मिळत नाही. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल एका ठिकाणी झाली की शेजारी पुन्हा होण्याची शक्यता घटते. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या 1919 च्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरला, आणि तोही जवळ जास्त, दूर गेल्यावर कमी होत जाणारा. सूत्र सुटसुटीत होते, म्हणून ते आधी हातांनी आकडेमोड करणाऱ्यांनी आणि पुढे संगणकाच्या आज्ञावल्यांनी उचलले.

या सूत्राच्या लेखाआधी एकच वर्ष, 1943 मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा आणखी एक लेख आला होता. यदृच्छेने बदलत जाणारी प्रक्रिया परस्परांशी संबंध नसलेल्या घटकांत कशी उलगडायची, हा त्याचा विषय. हेच काम पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे केले. संदेशप्रक्रिया, प्रतिमांचे आकुंचन, हवामानाच्या नोंदींचे विश्लेषण, जिथे तिथे ही पद्धत कामी येते. मात्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत नावे दोनच असतात. युद्धकाळात भारतात छापलेला लेख परदेशांत कितीसा पोचणार? ही उपेक्षा खरोखर खटकते, कारण कल्पनेच्या आवाक्याकडे पाहिले तर 1943 चा लेख चार पानांच्या त्या सूत्राहून कितीतरी मोठा आहे.

भूमितीत नशीब जरा बरे निघाले. 1933 साली ‘मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट’मध्ये कोसंबींचा लेख आला, त्याच खंडात गणितज्ञ एली कार्तां यांनी त्यावर टिपण लिहिले, आणि 1939 मध्ये गणितज्ञ चर्न यांनी विषय पुढे नेला. ‘कोसंबी-कार्तां-चर्न’ हे नाव टिकले.

एखाद्या लेखाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, म्हणजे त्याची उद्धरणे, मोजण्याची व्यवस्था आली ती या साऱ्या लेखांनंतर. यूजीन गारफील्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ 1964 साली निघाली. कोसंबी 1966 मध्ये वारले. एकाच आकड्यात शास्त्रज्ञाचे वजन मांडणारा हिर्श यांचा ‘एच-निर्देशांक’ आला 2005 मध्ये. या मोजपट्ट्यांची अडचण उघड आहे. जीवशास्त्रात लेख भराभर निघतात आणि संदर्भसूच्याही लांबलचक असतात. गणितात एखाद्या सिद्धतेची दखल घेतली जायला दशके लागतात. त्यातही रोजच्या कामात लागणाऱ्या पद्धतीला सर्वाधिक उद्धरणे मिळतात. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवर लाउरी आणि सहकाऱ्यांनी 1951 साली लिहिलेल्या लेखाने 2014 पर्यंत तीन लाखांचा टप्पा ओलांडला होता. कोसंबींचे जनुकनकाशांचे सूत्र त्याच जातीचे, अवजारासारखे हाताशी राहणारे.

नाण्यांवरचे काम मात्र उद्धरणांच्या या हिशेबात कुठेच दिसत नाही. प्राचीन आहत नाणी कोसंबींनी हजारोंनी तोलली. नाणे जितका काळ हातोहात फिरते तितके झिजते, आणि झिजेतला फरकही वाढत जातो. या सांख्यिकीवरून त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांचा कालक्रम लावायचा प्रयत्न केला. संख्याशास्त्र इतिहासाच्या कामी जुंपण्याचे इतके नेटके उदाहरण त्या काळात विरळाच. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (1948) आणि ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ (1956) ही तर पुस्तकेच. विज्ञान-नियतकालिकांवर उभारलेल्या सूचीत त्यांना जागा कुठली? इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांच्याशी घातलेले वाद, घेतलेले मुद्दे आणि खोडलेली मते त्या सूचीबाहेरच राहिली.

उलट बाजूही सांगायला हवी. 1959 साली कृषि-सांख्यिकीच्या एका नियतकालिकात त्यांनी रीमानच्या गृहीतकावर, गणितातल्या एका न सुटलेल्या प्रश्नावर, लेख लिहिला. त्यातला युक्तिवाद गणितज्ञांनी स्वीकारला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. एखादा लेख चुकला म्हणूनही त्याची चर्चा होते, पण आकड्यात तो फरक उमटत नाही.

कोसंबींचे इतिहासविषयक निबंध ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी 2002 साली संकलित केले. गणित आणि संख्याशास्त्रातले निवडक लेख रामकृष्ण रामस्वामी यांनी 2016 मध्ये ग्रंथरूपात आणले. ग्रंथालयात हे दोन खंड वेगवेगळ्या विभागांत असतात. ते शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक मराठीला अजून हवा आहे.