लोकलने भाजे लेण्यांना

मुलांनो, या सुट्टीत पुण्याला आजीकडे गेलात तर आईबाबांच्या मागे लागा आणि भाजे लेणी बघून या. मोटार नको, लोणावळ्याची लोकल पकडा व अलीकडच्या मळवली स्टेशनवर उतरा. एक्सप्रेस गाड्या तिथे थांबत नाहीत. आम्ही घाईत एकीत चढलो आणि मळवली खिडकीतूनच पाहिले! लोणावळ्याहून लोकलने एक स्टेशन मागे यावे लागले. मुंबईहून येणारे असेच येतात म्हणा.

मळवलीहून पायी द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडला की पुढे भाजे गाव, मग पायऱ्याच पायऱ्या. "अजून किती?" हे वाक्य माझ्या मुलीने शुद्ध मराठीत चार वेळा म्हटले.

वर २२ लेणी आहेत, त्यांतली जुनी इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातली. मोठ्या चैत्यगृहात शिरताच मुलगी थबकली. "बाबा, खांब वाकडे आहेत. पडतील का?" खरेच, खांब आत कललेले आहेत! लाकडी बांधकामात छताचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते आत कलते ठेवतात. इथे सगळा अखंड कातळ, कलण्याची गरजच नाही. पण कारागिरांच्या हाताला लाकडाचीच सवय! छताला तर खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या, त्यांतल्या काही अजून आहेत. (आम्ही प्रोग्रॅम लिहिणारेही जुन्या सवयी अशाच नव्या यंत्रावर नेतो.)

जवळच १४ स्तूपांचा समूह आहे, तोही चुकवू नका.

पाणी बरोबर घ्या. दुपारी लोकल कमी असतात, तेव्हा मळवलीला उतरल्याबरोबर परतीची वेळ विचारून ठेवा.