कंबरेतून वळणारा ट्रॅक्टर

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि सुधारल्या नसतील तर तुम्ही मनातल्या मनात सुधारून घ्या. मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी विषय सांगितला, "ट्रॅक्टर". रूमवरच्या मुली इतक्या हसल्या की वॉर्डन मॅडम वर आल्या. पण मेकॅनिकलच्या मुलीने मेंदी-रांगोळीवरच लिहावं असा काही नियम नाही ना?

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे गेले होते. मामा पुण्याचा, पण गेली तीस वर्षं अमेरिकेत. आता रिटायर झालाय. व्हर्जिनिया राज्यात ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी त्याची पाच एकर जागा आहे. शेत असं नाही. उतारावरचं गवत, झाडं आणि घरापर्यंत चढत जाणारा खडीचा रस्ता. पावसात खडी वाहून जाते, उन्हाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत वाढतं आणि थंडीत बर्फ बाजूला केल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. मामा ६७ वर्षांचा, मुलं दूरच्या शहरांत. मामी रोज म्हणते, "हे विकून टाका, फ्लॅट घेऊ." मामा रोज म्हणतो, "माझा ट्रॅक्टर आहे तोपर्यंत नाही." म्हणजे त्यांचं त्या घरात राहणं या एका यंत्रावर टेकलेलं होतं. म्हणून मला ते यंत्र नीट बघावंसं वाटलं.

हा असतो तरी कसा?

आपल्याकडच्या ट्रॅक्टरला मागे मोठी चाकं, पुढे लहान चाकं असतात आणि वळायचं असेल तेव्हा पुढची चाकं वळतात. मामाच्या ट्रॅक्टरची चारही चाकं सारखी आणि एकही चाक वळत नाही. वळते ती बॉडी. मधोमध एक जाडजूड बिजागरी आहे. स्टिअरिंग फिरवलं की हायड्रॉलिक सिलिंडर ढकलतो आणि अख्खा ट्रॅक्टर कंबरेतून वाकतो. याला आर्टिक्युलेटेड म्हणतात. अमेरिकेत व्हेंट्रॅक आणि पॉवर-ट्रॅक, फिनलंडमध्ये अवांट हे लोक अशी छोटी यंत्रं बनवतात. इटलीत द्राक्षबागांच्या अरुंद ओळींसाठी अंतोनियो कारारो कंपनी असे ट्रॅक्टर बनवते. (पॉवर-ट्रॅक म्हणजे आपल्याकडचा एस्कॉर्ट्सचा पॉवरट्रॅक नव्हे. मीही आधी फसले होते.) मामाचा कोणता हे मी सांगणार नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दोष यंत्राचा नव्हता, माझा होता.

इंजिन २५ हॉर्सपॉवरचं, पेट्रोलवर चालणारं. पण गिअरबॉक्स नाही, क्लच नाही. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, ते तेल होजमधून चाकांजवळच्या मोटरींना फिरवतं. एकच पेडल: पंजा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे, पाय काढला की थांबला. ज्यांना आमच्यासारखा हायड्रॉलिक्सचा पेपर रट्टा मारून द्यावा लागतो, त्यांनी असं यंत्र एकदा चालवून बघावं. तीन प्रकरणं एका दुपारी कळतात.

चालवताना काय वाटतं?

पहिलं म्हणजे, उभ्या जागी स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर हलतो. मला हे माहीत नव्हतं. मी सीटवर बसून सहज चाक फिरवलं आणि समोरचं गवत कापायचं यंत्र डावीकडे सरकून थेट मामीच्या झेंडूच्या वाफ्यात गेलं. सीट मागच्या भागावर आहे, म्हणून आपण जिथल्या तिथे आणि समोरचं अवजार मात्र दुसऱ्याच दिशेला. दोन दिवस डोकं चक्रावतं, मग सवय होते. पुढे फायदाच वाटतो. अवजार डोळ्यांसमोर असतं, मान वळवून मागे बघावं लागत नाही.

दुसरं, मागची चाकं पुढच्या चाकांच्याच वाटेने येतात. आपल्या एसटीचं मागचं चाक वळणावर आत कापतं, म्हणून ड्रायव्हर लांबून वळसा घेतो. इथे बिजागरी बरोबर मधोमध असल्यामुळे पुढची चाकं झाडाच्या बाजूने निघाली की मागचीही निघाली असं समजा. मी टेपने मोजलं. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर १२० सेंटिमीटर, जास्तीत जास्त वाकणं साधारण ४० अंश. वळणाची त्रिज्या काढायची तर निम्मं अंतर, भागिले निम्म्या कोनाचा टॅन. म्हणजे ६० भागिले टॅन २०, उत्तर १६५ सेंटिमीटर. आपल्या मेसच्या दोन टेबलांमधून नाही, पण मेसच्या दारासमोर आरामात वळेल!

तिसरं, रिव्हर्स. उसाची ट्रॉली लावून ट्रॅक्टर मागे घेणं किती अवघड असतं ते गावाकडच्या मुलांना विचारा. ट्रॉलीचा सांधा सुटा असतो, ती हवी तिकडे वळते. इथला सांधा तेलाने धरलेला असतो. जो कोन दिला तोच राहतो.

कुरबुरीही आहेत. बिजागरीला वेळच्या वेळी ग्रीस द्यावं लागतं, नाहीतर पिना आणि बुश झिजतात आणि ट्रॅक्टर सरळ रेषेत चालेनासा होतो. फार उकाड्यात तेल तापलं की चढावर दम लागतो. होज कधीतरी गळतात. मामाने मला पहिल्याच दिवशी बजावलं, गळती हाताने शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. दाबाखालचं तेल बारीक भोकातून कातडीत घुसतं. वर नुसता टाचणीएवढा डाग दिसतो, पण तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. आणि इंजिन चालू असताना त्या कंबरेपाशी कुणीही उभं राहायचं नाही. दोन भागांच्या मध्ये माणूस चेंगरू शकतो. दुरुस्तीच्या वेळी तिथे लोखंडी लॉक घालतात.

आता खरी गोष्ट

तिसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि रस्त्याच्या कडेची खडी वाहून गेली. मी ऐटीत म्हटलं, "मामा, आज मी भरते." बकेटमध्ये ओली खडी घेतली आणि उतारावर आडवी निघाले. खड्ड्यापाशी थांबले, नीट दिसावं म्हणून बकेट वर उचलली आणि खड्डा खालच्या अंगाला होता म्हणून स्टिअरिंग तिकडे फिरवलं.

सीटखालून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. वरच्या अंगाचं मागचं चाक जमिनीवरून उठलं होतं. माझे हात गोठले. मामा ओरडला, "बकेट खाली! आधी बकेट खाली!" मी लिव्हर दाबला, बकेट खाली गेली, चाक धप्पकन टेकलं. सगळं मिळून तीन सेकंद झाले असतील. उतरले तेव्हा पाय लटपटत होते.

संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसले. समजायला एक प्रयोग सांगते. हॉस्टेलला पाणी नसतं त्या दिवशी आपण बादल्या वाहतोच. भरलेली बादली दोन्ही हातांनी समोर धरून उभे राहा. आता पाय न हलवता कंबरेतून एका बाजूला वळा. तोल कुठे जातो? ट्रॅक्टरचंही तेच. सरळ असताना मागच्या चाकांवरचं वजन पुढच्या ॲक्सलपासून १२० सेंटिमीटरवर राहून बकेटला तोलून धरतं. ४० अंश वाकल्यावर तेच अंतर ६० अधिक ६० कॉस ४०, म्हणजे १०६ होतं. तोलणारा हातच आखूड झाला. शिवाय बकेट बिजागरीपासून १४० सेंटिमीटर पुढे होती. वाकल्यावर ती मागच्या भागाच्या मध्यरेषेपासून १४० साइन ४०, म्हणजे ९० सेंटिमीटर बाजूला गेली. मागचं चाक मध्यरेषेपासून फक्त ४५ वर! त्यात उतार, त्यात वर उचललेलं वजन. म्हणूनच चाकांच्या लोडरची बकेट-क्षमता ठरवताना पूर्ण वाकलेल्या स्थितीत तो किती वजनाला उलटतो ते बघतात आणि त्याच्या निम्मीच क्षमता धरतात. थोडक्यात, सरळ उभा ट्रॅक्टर आणि वाकलेला ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रं आहेत. बसणाऱ्याला मात्र ते एकच वाटतं.

पण मला झोप लागली नाही ती या गणितामुळे नव्हे. त्या ट्रॅक्टरला सीटच्या मागे उलटल्यावर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान आहे. ती त्या दिवशी दुमडलेली होती. गेली चार वर्षं दुमडलेलीच होती, कारण शेडचं दार बुटकं आहे आणि रोज उतरून कमान खाली-वर करायचा मामाला कंटाळा. पट्टाही सीटखाली गुंडाळलेला. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी कमान सक्तीची केली. अमेरिकेत नोकरीवरच्या माणसाने चालवायच्या, २० हॉर्सपॉवरहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरला ती १९७६ पासून बंधनकारक आहे. पण स्वतःच्या जागेत स्वतःच चालवणाऱ्या मामाला विचारणार कोण? चाक आणखी वीतभर उठलं असतं तर माझ्यावर ७०० किलो वजन आलं असतं आणि मध्ये काहीच नव्हतं.

सकाळी मी मामाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चार वर्षं मी एकटाच चालवत होतो ना, म्हणून सुचलं नाही." मला उलट वाटलं. एकटा होता म्हणूनच जास्त सुचायला हवं होतं. ओरडायला सुद्धा कुणी नव्हतं. मामीने तेव्हा पहिल्यांदा फ्लॅटचा विषय न काढता विचारलं, "मग दार उंच करायला किती खर्च येईल?"

दार काही उंच केलं नाही. शेडच्या बाजूला आम्ही तिघांनी मिळून पत्र्याची उंच छपरी उभारली, दोन रविवार लागले. आता कमान कायम वर. कमान वर असेल तर पट्टा बांधायचाच, आणि कधी दुमडावी लागली तर पट्टा बांधायचा नाही, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी माणूस त्याला बांधलेला राहत नाही. ट्रॅक्टरवर खडूने मराठीत लिहून आले: "आधी बकेट खाली, मग वळण." खडू पावसाने पुसतो, म्हणून मामीने नंतर ऑइल पेंटने गिरवलं.

मशीन लॅबमध्ये गार्ड काढून काम करणारे वीर आपल्याकडेही आहेत. "पाच मिनिटांचंच काम आहे सर" म्हणणारे. नावं घेत नाही, ते हा लेख वाचतीलच. त्यांनी फक्त माझे ते तीन सेकंद आठवावेत.

मामाने जागा विकलेली नाही. परवा व्हॉट्सॲपवर फोटो आला. ट्रॅक्टर छपरीत, कमान वर, आणि शेजारी मामीचे झेंडू. वाफा या वर्षी चार हात मागे सरकवलाय. कुणासाठी ते लिहायची गरज नाही!

— तृतीय वर्ष, यांत्रिकी